ब्राउझर अडला? आधी तारीख बघा

सगळ्याच साइट एकदम ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणू लागल्या, तर ब्राउझर काढून नव्याने टाकण्याआधी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख वाचा. प्रत्येक साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते आणि ब्राउझर ती संगणकाच्या घड्याळाशी ताडून बघतो. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा बटणसेल (बहुधा सीआर २०३२) संपला, की मेन स्विच बंद केल्यावर घड्याळ काही वर्षं मागे जातं. सेल बदला, तारीख लावा, काम झालं. पण सूचना एकट्या बँकेच्या साइटवर येत असेल, तर ‘तरीही पुढे जा’वर अजिबात क्लिक करू नका.

पान जुनंच दिसतंय? कंट्रोल-शिफ्ट-आर दाबा; साठवलेली प्रत सोडून ते नव्याने येतं. इनकॉग्निटोमध्ये तेच पान नीट चाललं, तर दोष बहुतेक एखाद्या एक्स्टेन्शनचा किंवा कुकीजचा. ब्राउझिंग डेटा पुसताना ‘पासवर्ड’समोरची खूण मात्र आधी काढा. क्रोम रखडत असेल तर शिफ्ट-एस्केप दाबा. त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि मेमरी खाणारा टॅब नावानिशी सापडतो.

विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही. २०२३ पासून तिथे नवी आवृत्ती येत नाही. अशा संगणकावर बँकेचे व्यवहार टाळाच.