गुरुवारच्या बाजाराचं गाव

आपल्यातल्या कितीतरी जणी आठवडी बाजारात पापड-मसाले घेऊन बसतात. म्हणून आज बाजारावरूनच नाव पडलेल्या एका दूरच्या गावाविषयी सांगते. हे गाव सौदी अरेबियातलं, नाव खमीस मुशैत.

अरेबिया म्हटलं की आपल्याला वाळू आणि उंट आठवतात. पण त्या देशाच्या नैर्ऋत्येला, येमेनच्या बाजूला, असीर हा डोंगराळ मुलूख आहे. तिथे पाऊस पडतो, उतारावर बांध घालून पायऱ्यापायऱ्यांची शेती करतात. खमीस मुशैतची उंची सुमारे २००० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहूनही जास्त!

आता नावाकडे येऊ. अरबीत बहुतेक वारांची नावं आकड्यांवरून आहेत. रविवार पहिला, म्हणून अहद. असं मोजत गेलं की गुरुवार पाचवा येतो, तो खमीस. शुक्रवार मात्र जुमा, म्हणजे सगळ्यांनी जमायचा वार. इथे गुरुवारी बाजार भरायचा, म्हणून खमीस. आणि मुशैत हे तिथल्या शहरान जमातीच्या शेखांचं घराणं. थोडक्यात, मुशैतांचा गुरुवार.

मला विचाराल तर त्यातलं मुशैत जास्त महत्त्वाचं. या डोंगरांत जमातीजमातींत जुनी वैरं असायची आणि बाजारात तर वैरीही समोरासमोर येणार. तिथे पोलीसठाणं कुठलं? मग ज्या जमातीच्या जमिनीवर बाजार, तिनेच येणाऱ्या-जाणाऱ्याच्या जिवाची आणि मालाची हमी घ्यायची, अशी रीत होती. बाजाराच्या दिवशी कुणी सूड उगवला, तर तो यजमान जमातीचाच अपमान. अशा हमीशिवाय धान्याचं पोतं घेऊन डोंगर उतरायला कोण धजावेल?

आज खमीस मुशैत लाखो वस्तीचं शहर आहे. दुकानं रोज उघडी असतात, तरी नाव गुरुवारचंच. पुण्याच्या शुक्रवार पेठेतली दुकानं तरी कुठे फक्त शुक्रवारी उघडतात?

आजूबाजूच्या बाजारांचे वार वेगळे. जवळच अहद रुफैदा आहे, म्हणजे रुफैदा जमातीचा रविवार. वार वेगळे असले की व्यापाऱ्याला आज इथे, उद्या तिथे असं फिरता येतं. अबहा शहरातला बाजार मंगळवारचा. तिथे बायकाही विकायला बसतात. त्यांच्यापुढे मध असतो, तूप असतं, सुवासिक पाल्याच्या जुड्या असतात आणि उन्हात घालायच्या, हाताने विणलेल्या रुंद काठाच्या टोप्याही.