कुडाच्या भिंती आणि पोडाचे घरपण

सदनिकेची किल्ली हाती पडली, गृहप्रवेशाची पूजा झाली, की घर पूर्ण झाले, अशी शहरवासीयांची सर्वसाधारण समजूत असते. यवतमाळ जिल्ह्यातील कोलाम समाजाच्या वस्त्या मात्र घराची वेगळी व्याख्या सांगतात. कोलामांच्या वस्तीला 'पोड' म्हणतात, आणि तेथे घर बांधणे म्हणजे पोडात आपले स्थान निश्चित करणे. शासकीय घरकुलांमुळे या वस्त्यांचे रूप पालटत असताना ही व्याख्या समजून घेणे अगत्याचे आहे.

कातकरी, माडिया आणि कोलाम या महाराष्ट्रातील तीन जमातींचा समावेश विशेष असुरक्षित आदिवासी गटांच्या केंद्रीय यादीत आहे. कोलामांची कोलामी ही भाषा तेलुगू व गोंडीप्रमाणे द्रविड कुळातील आहे. मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील रसेल आणि हिरालाल यांचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. त्यातही कोलामांचे मुख्य वसतिस्थान म्हणून वणी तालुक्याचाच उल्लेख आढळतो. आज केळापूर, झरी जामणी, मारेगाव, वणी, राळेगाव, घाटंजी या तालुक्यांत त्यांचे पोड विखुरलेले आहेत.

पोड सहसा मूळ गावापासून दूर, जंगलाच्या किंवा टेकडीच्या कडेला असतो. परंपरागत रचनेत वस्तीच्या मध्यभागी चावडी असते. तंटे तेथे मिटतात, सणांचे बेत तेथे ठरतात आणि पाहुण्याची पथारीही तेथेच पडते. शहरी घरात दिवाणखाना आणि पाहुण्यांची खोली जे काम करते, ते पोडात चावडी करते. म्हणूनच कोलामाचे स्वतःचे घर लहान असले तरी त्याला अडचण वाटत नसे. त्याच्या घराचा बराचसा भाग घराबाहेर, सर्वांच्या मालकीचा होता.

या घराची बांधणीही परिसरातूनच घडली. जमिनीत लाकडी खांब रोवायचे, बांबूच्या कमच्या किंवा तुरीच्या काड्या विणून कुड उभारायचा, त्यावर माती व शेणाचा लेप द्यायचा आणि वर गवत किंवा कवेलू घालायचे. बांबूच्या टोपल्या विणण्यात तरबेज असलेल्या या समाजाला कुड विणणे परके नव्हते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या या प्रदेशात अशा घरामागे एक शास्त्रही आहे. कुडाची भिंत पातळ असल्याने उष्णता साठवून ठेवत नाही, ती सूर्यास्तानंतर लवकर निवते. गवताचे छप्पर ऊन अडवते. याउलट पत्रा पाहता पाहता तापतो आणि सिमेंटचा स्लॅब दिवसभर शोषलेली उष्णता रात्री घरात सोडत राहतो.

तथापि, कुडाच्या घराचे गोडवे गाणे दुरून सोपे असते. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी लिंपण व छप्पर नवे करावे लागते, विंचू-सापांना अटकाव होत नाही आणि आगीची धास्ती कायम असते. जंगलातून बांबू, लाकूड व गवत आणणेही पूर्वीइतके सुलभ राहिलेले नाही. त्यामुळे पक्क्या घराची कोलामांची अपेक्षा सर्वथा रास्त आहे.

ती पुरी करण्याचे मोठे साधन म्हणजे १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेले 'पीएम-जनमन' अभियान होय. त्यात घरासाठी २ लाख रुपये ठरविण्यात आले. ग्रामीण आवास योजनेत सपाट प्रदेशासाठी केंद्राने २०१६ मध्ये ठरविलेल्या १ लाख २० हजार रुपयांपेक्षा ही रक्कम अधिक आहे. घराचे किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. पैसे बांधकामाच्या टप्प्यांनुसार हप्त्यांनी मिळतात. पहिला खर्च मात्र जमिनीखालीच होतो. काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातला तर भिंती तडकतात, म्हणून खालच्या टणक थरापर्यंत खोदावे लागते. आडवाटेच्या पोडावर रेती, गिट्टी, सिमेंट पोहोचविण्याचा वाहतूक खर्च वेगळाच.

पैशाइतकाच कळीचा प्रश्न जागेचा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिम जमातींच्या वसतिस्थानावरील सामूहिक हक्क मान्य केला. महाराष्ट्राच्या २०१४ च्या पेसा नियमांनी अनुसूचित क्षेत्रातील पाड्या-वस्त्यांना स्वतंत्र गाव म्हणून घोषित होण्याची वाट दिली. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातील वननिवासी कुटुंबांना लगतच्या वनजमिनीवर घर बांधण्याची तरतूद केली. केळापूर, मारेगाव, राळेगाव, घाटंजी या तालुक्यांतील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. पोडाला स्वतःची ग्रामसभा लाभली, तर कोणते घर कोठे उभे राहावे, हे तेथील रहिवासीच ठरवू शकतात.

खरा पेच येथेच आहे. घरकुलाचा हिशेब कुटुंबागणिक होतो, तर पोड उभा राहतो कुटुंबांच्या परस्परसंबंधांवर. मोकळ्या जागेच्या सोयीने घरे रस्त्यालगत एका रांगेत उभी केली, तर प्रत्येकाला छप्पर मिळेल, पण चावडी कडेला पडेल. मग २६९ चौरस फुटांत पाहुणा, म्हातारी माणसे, कापूस आणि धान्य असे सारेच कोंबावे लागेल. अशा वेळी पक्क्या घराचे कोठार होते आणि माणसे शेजारी कुडाची छपरी उभारून तिच्यात निजतात.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. चावडीभोवतीची मोकळी जागा राखून घरांची आखणी करणे, दारापुढे ओसरीला वाव ठेवणे, छपराची निवड उन्हाळा ध्यानात घेऊन करणे आणि कुडाची छपरी हे मागासलेपणाचे लक्षण न मानता तिला घराचाच भाग समजणे, एवढे झाले तरी पुष्कळ साधेल. विटा आणि सिमेंट शासन देऊ शकते. परंतु त्या भिंतींत माणसे रुळायची असतील, तर आखणीची दोरी प्रथम पोडाच्याच हाती द्यावी लागेल.