शालेय शिक्षणातील तंत्रज्ञान आणि विद्यार्थ्यांचा सहभाग : महाराष्ट्रातील काही प्रयोग
मालाडच्या मार्वे किनाऱ्यावरून बोटीने खाडी ओलांडली की काही मिनिटांत मनोरी येते. रस्त्याने जायचे तर भाईंदर-उत्तनमार्गे मोठा वळसा पडतो. हे गाव मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत असले, तरी शहरातील विषयतज्ज्ञाने तेथे रोज पोहोचणे सुकर नाही. शिक्षक पोहोचत नाही तेथे पाठ पोहोचेल, हेच शैक्षणिक तंत्रज्ञानाचे मूळ आश्वासन होते. पाठ पोहोचला की विद्यार्थी सहभागी होतोच, हे त्यामागील गृहीतक मात्र तपासून पाहण्याजोगे आहे.

पुण्यात १९८४ साली स्थापन झालेल्या आणि २०१७ साली बंद पडलेल्या ‘बालचित्रवाणी’चे कार्यक्रम दूरदर्शनवरून प्रसारित होत. माध्यम एकमार्गी असल्याने मूल पाहू शकत होते, शंका विचारू शकत नव्हते. मुंबई महापालिकेच्या शाळांत २०११ पासून सुरू झालेल्या ‘व्हर्च्युअल क्लासरूम’ने ही उणीव तत्त्वतः दूर केली. स्टुडिओतील शिक्षक शिकवतो आणि दूरच्या वर्गातून विद्यार्थी प्रश्न विचारू शकतो. तथापि, पस्तीस मिनिटांच्या तासाला चाळीस वर्ग जोडले आहेत असे मानले, तर अध्यापनाचा वेळ न वजा करताही एका वर्गाच्या वाट्याला एक मिनिटसुद्धा येत नाही. म्हणूनच पडद्यासमोरच्या वर्गातील शिक्षकाचे स्थान दुय्यम ठरत नाही. मुलांच्या शंका ऐकणे, निवडणे आणि उरलेल्यांचे निरसन करणे त्याच्याकडेच राहते.

२०१५ साली महापालिकेने आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब दिले, तेव्हा दप्तराचे ओझे कमी करणे हा प्रमुख हेतू होता. ओझे हलके होणे इष्टच. पण त्याने अध्ययनाची रीत बदलत नाही.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली. पाठ वा कविता हवी तितक्या वेळा, स्वतःच्या गतीने ऐकण्याची सोय त्यामुळे मुलाच्या हाती आली. हे कोड पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही आले आणि डिसले यांना २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइज’ हा पुरस्कार मिळाला. अर्थात, या सोयीसाठी घरात मोबाइल लागतो. मासेमारीच्या गावात घरातील एकुलता मोबाइल वडिलांबरोबर समुद्रावर गेला, तर कोड पानावरच राहतो.

या दृष्टीने २०२० च्या टाळेबंदीतील, सह्याद्री वाहिनीवरील ‘टिलीमिली’ ही मालिका अधिक बोधप्रद आहे. माध्यम ‘बालचित्रवाणी’प्रमाणेच एकमार्गी होते, परंतु पहिली ते आठवीच्या मुलांनी घरातल्या वस्तू आणि घरातली माणसे यांच्या साहाय्याने कृती करावी, अशी तिची रचना होती. सहभाग पडद्याबाहेर घडावा, हे तिने आधीच ठरविले होते.

शाळांच्या वार्षिक ‘यू-डायस प्लस’ माहितीत संगणक आणि प्रोजेक्टर यांची संख्या नोंदविली जाते. त्या तासाला किती मुलांनी प्रश्न विचारले, यासाठी तेथे रकाना नाही.