‘एकत्र’ म्हणजे कोण कोण?

रमजानमधल्या एका रविवारी जोहरनंतर आम्ही सारे घरचे अंबरनाथच्या शिवमंदिर भागातून निघालो आणि लोकलने मशीद स्टेशनला उतरलो. मोहम्मद अली रोडवर इफ्तार, मगरिबची नमाज, मग कबाब. शेवटी मिनारा मशिदीजवळ 1936 पासून चालत आलेल्या सुलेमान उस्मान मिठाईवाल्यांकडचा मालपुवा आणि फिरनी. सगळंच चविष्ट होतं. पण माझं लक्ष अम्मीकडे गेलं. ती आमच्याबरोबर बसून गरम गरम खात होती!

घरी असं कधी होत नाही. सांदणं करायची म्हणजे तांदळाचा रवा, नारळाचं दूध, साखर. एकामागून एक घाणे वाफवायचे. आम्ही मटणाच्या रश्शाबरोबर ताव मारतो. अम्मी बसते तेव्हा रस्सा थंड झालेला असतो.

एकत्र जेवण्यात बरकत असते, असं आपण मुलांना शिकवतो. त्या ‘एकत्र’मध्ये रांधणारी असते का?

यंदाच्या ईदला भावाने गॅस सांभाळला, मी ताटं मांडली. सारे घाणे उतरल्यावरच सर्वांनी मिळून बिस्मिल्लाह केली. अम्मी एवढंच म्हणाली, “आज सांदणं गरम लागली.”