मळणी कुठवर

प्राचीन इस्राएलातले खळे गावाबाहेर, वाऱ्याला मोकळ्या अशा उंचवट्यावर असे. कुठे उघडा कातळ, कुठे चोपून टणक केलेली जमीन. गेजेर इथे 1908 साली चुनखडीचा एक लहानसा फलक सापडला. तो इसवी सनापूर्वी दहाव्या शतकातला मानतात आणि त्यावर शेतीचे महिने कोरले आहेत. सातूच्या कापणीला त्यात स्वतंत्र महिना आहे. वल्हांडण सणाच्या सुमारास सातू हाताशी येई, त्यामागून गहू, आणि मग कोरड्या उन्हाळ्यात मळणी चाले. आपल्याकडे तिवड्याभोवती बैलांची पात फिरत असे तशी नुसत्या खुरांची तुडवणी तिथेही होती, पण त्या भागाचे खास अवजार म्हणजे मळणीची फळी. जाड लाकडी पाट एकमेकांना जोडलेले, पुढचे टोक जरा वर उचललेले, म्हणजे ते काडात रुतत नाही. खालच्या अंगाला ओळीने भोके पाडून त्यांत गारेचे किंवा बसाल्टचे धारदार तुकडे ठोकून बसवलेले. हाकणारा फळीवरच उभा राही. त्याच्या वजनाने ते दात काडात शिरत आणि बैल पसरलेल्या पेंढ्यांवरून फेरे घेत. गुस्टाफ डालमान या जर्मन अभ्यासकाने पॅलेस्टाईनमधल्या कामधंद्यांवर जो खंडात्मक ग्रंथ लिहिला, त्याचा 1933 चा तिसरा खंड कापणीपासून पिठापर्यंतच्या कामांना वाहिलेला आहे. बायबलमधली मळणी समजून घ्यायला आजही त्याचा मोठा आधार वाटतो.

त्या दातांकडे पाहूनच मळणीचा आध्यात्मिक अर्थ लावण्याची सवय पडली आहे. दुःख म्हणजे देवाने चालवलेली मळणी. माणूस जितका भरडला जाईल तितका शुद्ध होईल, असे प्रवचनांतून सांगितले जाते. हा अर्थ मला अपुरा वाटतो, आणि आधीच मोडून पडलेल्या माणसापुढे तो ठेवला तर क्रूरही. खळ्यावरचे काम नीट पाहिले तर ते प्रत्येक पायरीवर काही ना काही वाचवण्याचे काम आहे. फळीने कणसातला दाणा सुटतो आणि त्याच फेऱ्यांत काड बारीक होऊन गुरांची वैरण तयार होते. दुपारनंतर समुद्राकडून पश्चिमेचा वारा सुटला की उफणणी सुरू. आधी लाकडी दाताळ्याने मोठा माल वर उडवायचा, मग फावड्याने बारीक. जड दाणा जवळजवळ जागेवरच पडतो, काडाचा तुकडा जरा पुढे, आणि अगदी हलके फोलकट वाऱ्याबरोबर लांब जाते. नंतर चाळण. पेंढाही टाकाऊ नव्हता. तो जनावरांपुढे जाई, विटांच्या मातीत कालवला जाई. मिसरच्या गुलामीत विटांसाठी पेंढा मिळेना म्हणून इस्राएली लोकांचे किती हाल झाले, ते निर्गमच्या पुस्तकात आहेच. मळणाऱ्या बैलाला मुसके घालू नये, असा बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकातला नियम. म्हणजे काम चालू असतानाच कामकऱ्याचा घास त्याला मिळाला पाहिजे. पुढे पौलाने करिंथकरांना लिहिताना सेवकांच्या हक्कासाठी हाच नियम पुढे केला.

पण सर्वांत भक्कम पुरावा यशयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात आहे, आणि तो नेमका नको तिथे आला आहे असे वरवर वाटते. अध्यायाची सुरुवात एफ्राइमच्या मद्यपी पुढाऱ्यांवरच्या कठोर शब्दांनी होते, मग यरुशलेमच्या राज्यकर्त्यांची पाळी. अश्शूरची फौज येणार, लोक तुडवले जाणार, असा सगळा सूर. आणि शेवटी संदेष्टा एकाएकी शेतकऱ्याविषयी बोलू लागतो. शेतकरी सदा नांगरतच राहतो का, असे विचारतो. मग येतो खळ्यावर. कलौंजीवर कोणी फळी चालवत नाही, जिऱ्यावर गाडीचे चाक फिरवत नाही. एकीला काठी पुरते, दुसऱ्याला दांडके. धान्याची मळणी होते, पण ती अखंड चालत नाही; चाक आणि जनावरे फिरवली तरी त्याचा चुरा करायचा नसतो. हे शहाणपण शेतकऱ्याला देवाकडून मिळाले, असे सांगून अध्याय संपतो. शिक्षेच्या भाषणाचा शेवट शेतीच्या माहितीने कशाला व्हावा? कारण शिक्षेला माप आहे, हेच संदेष्ट्याला सांगायचे आहे. जिरे कुठे किती सोसते हे ज्याला कळत नाही, त्याच्या हाती खळे देऊ नये. याच पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात संदेष्टा आपल्याच पिचलेल्या लोकांना खळ्यावर मळलेले माझे असे म्हणतो, आणि त्यात दटावणी नाही, माया आहे.

यावर आक्षेप येणार, आणि तो हलका नाही. बायबलमध्येच मळणी युद्धाची आणि संहाराची प्रतिमा म्हणून येते, मग तिला मापाची प्रतिमा कसे म्हणायचे? आमोसचे उदाहरण घेऊ. दिमिष्काने गिलादवर लोखंडी मळणीची अवजारे चालवली, असा त्याचा आरोप आहे. इथे माणसांवर फळी फिरते खरी, पण आमोस ती दिमिष्काच्या अपराधांत मोजतो. माणसाला कणसासारखे तुडवणे हा त्याच्या लेखी गुन्हा आहे. मीखा मात्र अवघड. तिथे राष्ट्रे पेंढ्यांसारखी खळ्यावर गोळा केली आहेत आणि सियोनला लोखंडी शिंग व पितळी खूर देऊन मळायला उठवले आहे. हे युद्धगीतच आहे. त्याला सौम्य करण्याची कसरत मी करणार नाही. एवढेच म्हणेन की एका प्रतिमेचा पराभूतांच्या आशेने केलेला वापर आणि त्या प्रतिमेमागच्या कामाचा विचार, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दुसरा विचार यशयाने केला; म्हणून अर्थ लावताना मी त्याला पुढे बसवतो. तिसरा आक्षेप बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा. मत्तयाच्या शुभवर्तमानात तो आपल्यामागून येणाऱ्याच्या हाती उफणण्याचे अवजार देतो आणि भुसा न विझणाऱ्या आगीत जाईल असे बजावतो. आग तिथे आहे, ती पुसता येत नाही. पण त्याच वाक्यात गहू कोठारात जातो, आणि ते कोठार नसते तर खळे झाडण्याला काहीच अर्थ उरला नसता.

दुःख म्हणजेच मळणी असे म्हणणाऱ्यांनी आणखी एक प्रसंग विचारात घ्यावा. दावीदाने शिरगणती केली, त्याची शिक्षा म्हणून देशात मरी पसरली, सत्तर हजार माणसे गेली अशी शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकातली हकिकत आहे. संहार करणाऱ्या देवदूताचा हात यरुशलेमवर उगारला जातो आणि तिथे त्याला पुरे म्हणून थांबवले जाते. तेव्हा तो अरवना यबूसी याच्या खळ्यापाशी असतो. दावीद ते खळे आणि बैल पन्नास शेकेल चांदी देऊन विकत घेतो, फुकट घेत नाही, आणि तिथे वेदी बांधतो. बैल होमासाठी आणि मळणीची अवजारे जळणासाठी, असे अरवनाने आधीच सुचवलेले असते. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाप्रमाणे शलमोनाने मंदिर बांधले ते याच जागी. इस्राएलाचे उपासनास्थान ज्या खळ्यावर उभे राहिले, ते संहार थांबला म्हणून निवडले गेले. आजारी किंवा शोकात बुडालेल्या माणसाला खळ्याची उपमा देणाऱ्याने हा प्रसंग वगळून चालणार नाही. आणि तो घेतला, तर त्या माणसाला सोसायला सांगण्याआधी त्याच्यावरची फळी कोण ओढतो आहे आणि ती कधीच थांबायला हवी होती का, हे विचारावे लागेल.