शिवारातला हिवाळा, आमची सायकल आणि एक पांढरा डाग



दसरा झाला, दिवाळी झाली, गव्हाणीत मोळी पडली, की आम्हा शेतकी खात्याच्या माणसांना घड्याळ उरत नाही. तोडणीच्या तारखा, टोळ्यांच्या तक्रारी, गाड्यांच्या रांगा आणि "साहेब, माझा फड कधी?" हा दिवसातून पन्नास वेळा येणारा प्रश्न. यात छायाचित्रे काढायला सवड कुठून मिळते, असे पुष्कळ जण आम्हास विचारतात. काही जण विचारत नाहीत, नुसते हसतात. गट ऑफिसात आमचे नाव 'फोटोसाहेब' पडले आहे, हेही आम्हास ठाऊक आहे.

सवड अशी मिळते की आम्ही सकाळी साडेसहालाच सायकल काढतो. खात्याची मोटारसायकल आहे, परंतु तिच्यावरून शिवार दिसत नाही, फक्त खड्डे दिसतात. सायकलवरून दिसते, आणि दिसले की पाय टेकवून थांबता येते. कालव्याच्या कडेचा रस्ता संपला की सायकल बांधाला लावायची आणि पायी निघायचे. कॅमेरा कृषी पदविकेला असताना जमवलेल्या पैशातून घेतलेला, रोलवाला. छत्तीस फोटोंचा रोल महिनाभर पुरवायचा, म्हणून बटण दाबण्यापूर्वी दहादा बघायची सवय लागली. आता खिशात मोबाईल असतो, फुकट फोटो निघतात, पण ती सवय काही गेली नाही.

हिवाळाच का, तर त्याचे कारण सूर्य. आपल्या परभणीला मेच्या मध्याला दुपारी सूर्य अगदी माथ्यावर येतो, सावली पायाखाली जाते आणि फोटोत सगळे शिवार भाकरीसारखे सपाट उमटते. डिसेंबरच्या शेवटी तोच सूर्य भर दुपारीसुद्धा सत्तेचाळीस अंशांच्या वर चढत नाही. उजेड तिरपा पडतो. सरी न् सरी, ढेकूळ न् ढेकूळ वेगळे दिसते. सकाळी सातच्या सुमारास सूर्य उगवतो, त्यानंतरचा पाऊण तास खरा. पाऊस नुकताच सरलेला असल्याने हवेत धूळही कमी. मात्र थंडीतून घरात आल्याबरोबर कॅमेरा पिशवीबाहेर काढू नये, काचेवर दव धरते. २०१८ च्या डिसेंबरअखेर कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा पाच अंशांच्याही खाली गेला होता. त्या सकाळी आमची बोटे बटणावर टेकत नव्हती. अशा थंडीत सुरू लागणीचे डोळे लवकर फुटत नाहीत, हे आपण जाणताच. उभ्या पक्व उसात मात्र हीच थंडी साखर भरते.

ऑक्टोबर सरताना तुरीला पिवळा फुलोरा असतो. मग ज्वारी पोटऱ्यात येते, निसवते, आणि भोरड्यांचे थवे येतात. हजार पाखरू एका वळणाने वळते आणि आकाशात कुणीतरी घोंगडी झटकल्यासारखे वाटते. जानेवारीत हुरडा, घाट्यांनी लगडलेला हरभरा, ज्वारीच्या कडेने करडईचे काटेरी पट्टे. मुद्गलला गोदावरीच्या पात्रातले मुद्गलेश्वराचे मंदिर पहाटे वाफाळत्या पाण्यात उभे असते. तेथे आम्ही चार हिवाळे गेलो आणि मनासारखा फोटो एकदाही मिळाला नाही. नदीकाठी उसतोड मजुरांच्या कोप्या पडतात. त्यांचे फोटो आम्ही पूर्वी न विचारता काढत असू. एकदा चुलीपुढच्या एका बाईने पदर ओढून तोंड फिरवले. तेव्हापासून विचारतो.

उसाचे सांगायचे तर, ऊस हा फोटोला अवघड गडी. शेजारी माणूस उभा केल्याशिवाय त्याची उंची कळत नाही आणि माणूस उभा केला की तो फेटा सावरतो. फक्त तुऱ्याला तोड नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात उन्हाच्या उलट बाजूने तुऱ्यावर आलेला फड पाहा, चांदीच्या चवऱ्या ढाळल्यासारखा दिसतो. आम्ही असा एक फोटो हौसेने एका सभासदांना दाखवला. ते म्हणाले, "साहेब, तुम्हाला चांदी दिसायली, मला वजन जायलं दिसतंय." खरे आहे. तुरा आला की उसाची वाढ थांबते. साखर महिना-दीड महिना टिकते, पुढे कांडी पोकळ पडते आणि पांगशा फुटतात. त्या फोटोवरून त्यांचा फड तोडणीत पुढे घेतला, हे येथे नमूद करतो. तुऱ्याचा फोटो नुसता भिंतीवर लावू नये, गट ऑफिसला पाठवावा.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते सांगतो.

कालव्याच्या एका चारीवर एक मोरी आहे. गाव सांगत नाही, संबंधित सभासदांनी तशी विनंती केली आहे. मोरीच्या कठड्यावर एक दगड सपाट आहे. २०१० पासून दर वर्षी, तुळशीच्या लग्नानंतर येणाऱ्या रविवारी, त्या दगडावर कॅमेरा ठेवून आम्ही पूर्वेकडचा एकच फोटो काढतो. तीच बाभूळ डावीकडे, तोच विहिरीचा काठ उजवीकडे. आल्प्स पर्वतात हिमनद्या किती मागे हटल्या हे पाहण्यासाठी तिकडचे शास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकापासून असेच एका जागेवरून पुन्हा पुन्हा फोटो घेत आले आहेत. आमच्या डोक्यात एवढे काही नव्हते. जागा आवडली, इतकेच.

२०२१ चा फोटो फार सुरेख आला होता. कोवळे ऊन, खोडव्याच्या हिरव्या ओळी, आणि मधल्या खोलगट भागात जमिनीलगत पसरलेले पांढरे धुके. आम्ही तो मोठा करून शेतकी ऑफिसात लावला. खाली सुवाच्य अक्षरात लिहिले, 'धुक्यातील पहाट'. येणारे-जाणारे वाहवा करीत.

पुढे सभासद साखर न्यायला एक म्हाताऱ्या सभासद बाई आल्या. चष्मा वर-खाली करून त्यांनी तो फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "लेकरा, धुकं कशाचं? मीठ हाय ते. आमचंच रान हाय."

आम्ही गप्प झालो. त्या पुढे म्हणाल्या, "तुमीच म्हणला व्हता, पाणी कमी पडू देऊ नका."

म्हणालो होतो. तिसरा खोडवाही आम्हीच ठेवायला लावला होता.

त्याच दिवशी दुपारी बारा वाजता आम्ही त्या रानात गेलो. धुके सकाळी उडते, दव उन्हाने सुकते. हे पांढरे भर दुपारी जागेवर होते, बोटाला लागत होते. ऊस विकास अधिकारी म्हणवणाऱ्या माणसाने खारवलेल्या जमिनीचा फोटो काढून त्याखाली 'पहाट' लिहावे, याहून अधिक काय लिहावे?

रात्री सगळे जुने फोटो ओळीने मांडले. २०१० मध्ये काही नाही. २०१२ मध्ये खळ्याएवढा डाग, तोही माहीत असेल तरच दिसणारा. २०१५ च्या दुष्काळात कालव्याला पाणी नव्हते, ऊस नव्हता. त्या वर्षी डाग शोधावा लागतो. २०१९ पासून धरण सलग भरत गेले आणि डागही भरत गेला. बाभळीपासून निघून तो विहिरीच्या अलीकडे आला. बारा वर्षे तो आमच्यासमोर वाढत होता आणि आम्ही उजेड बघत होतो.

घडते ते असे. आपली काळी जमीन खोल आणि चिकण, पाणी धरून ठेवणारी, खाली सोडायला नाराज. त्यात पाटाने मोकाट पाणी आणि वरून कालव्याचा पाझर. जमिनीखालचे पाणी हात-दीड हातावर येते. पावसाळ्यात क्षार धुऊन खाली जातात. पाऊस थांबला, हवा कोरडी झाली, की दिव्याच्या वातीने तेल ओढावे तसे पाणी वर ओढले जाते. पाणी उडते, क्षार राहतात. म्हणून हा डाग हिवाळ्यात नजरेस येतो. जायकवाडीची पायाभरणी १९६५ ला झाली, १९७६ ला धरण लोकार्पण झाले, दोनशे आठ किलोमीटरचा डावा कालवा आपल्या जिल्ह्यात आला. त्या पाण्याने आपली घरे उभी राहिली, हे आम्ही विसरत नाही. परंतु कालवा आणताना जेवढी चर्चा पाणी आणण्याची झाली तेवढी पाणी काढून देण्याची झाली नाही. नीरा कालव्याखाली हाच प्रकार इंग्रज अमदानीत घडून गेला होता.

बाईंच्या मुलाने तोवर दुकानदाराच्या सांगण्यावरून जिप्समची पोती आणून टाकली होती. माती तपासली तेव्हा सामू साडेआठच्या आत आणि क्षार चारच्या वर निघाले. म्हणजे जमीन क्षारयुक्त, चोपण नव्हे. जिप्सम चोपणाला लागते, तेही तपासणीच्या प्रमाणात. येथे पाहिजे चर. पैसे वाया गेले. ते सांगायला आम्ही वेळेवर हजर नव्हतो.

चर खणायचा तर पाणी ओढ्यापर्यंत गेले पाहिजे, आणि ओढ्याआधी खालच्या दोन सभासदांची रानं. एक तयार झाले. दुसरे म्हणाले, "तुमचं खारं पाणी माझ्या रानातून? जमायचं न्हाई." दोन हिवाळे गेले. शिरोळच्या श्री दत्त कारखान्याने सभासदांना एकत्र करून जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकले आणि पडीक पडलेली क्षारपड रानं पुन्हा उसाखाली आणली, हेही त्यांना सांगून पाहिले. "तिकडचं तिकडं," म्हणाले.

मागच्या हिवाळ्यात आम्ही फोटोंची चळत घेऊन त्यांच्या ओट्यावर बसलो. समजावले नाही, फक्त एकेक फोटो पुढे ठेवत गेलो. शेवटच्या फोटोत त्यांचा बांध दिसतो. बांधाच्या अलीकडे पांढरे आहे, आणि बांधाच्या पलीकडे, त्यांच्या बाजूला, ताटाएवढे एक. त्यांनी फोटो जवळ धरला, लांब धरला. मुलाला हाक मारून बॅटरी आणायला सांगितली. मग म्हणाले, "चहा घ्या."

होकार अजून तोंडी आहे. चर पहिल्या सभासदाच्या बांधापर्यंत साडेचार फूट खोल झाला आहे आणि त्यात पाणी उतरते आहे. या हिवाळ्यात बाईंनी खोडवा मोडला, ताग गाडला, निम्म्या रानाला ठिबक केले. डाग आहे तेवढाच आहे. भिंतीवरचा फोटो आम्ही काढलेला नाही, खालची ओळ मात्र खोडली आहे.

सभासदांना एक विनंती. आपल्या घरात लग्नाचे, वास्तुशांतीचे, नव्या विहिरीच्या पूजेचे जुने फोटो असतील. त्यात मागे रान दिसत असेल, तर फोटो घेऊन शेतकी ऑफिसात यावे. साल आठवत असेल तर मागे पेन्सिलीने लिहावे, पेनाने नको. आम्ही नक्कल काढून फोटो त्याच दिवशी परत देऊ. तसेच आपल्या रानातही एक जागा ठरवून ठेवावी, एखादी मोरी किंवा विहिरीचा कठडा, आणि दर हिवाळ्यात सकाळी एक व त्याच दिवशी दुपारी बाराला एक, असे दोन फोटो मोबाईलवर घ्यावेत. दोन्हींत पांढरे दिसले, तर माती तपासायला आम्ही सायकलवर येऊ.

– ऊस विकास अधिकारी