टीईटीत नापास झालात? पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात नको, आधी गुणांचा हिशेब मांडा

निकाल लागला, दोन-चार गुणांनी हुकलं. घरात कुणी काही बोलत नाही, पण गावात विचारणारे भेटतातच. डी.एड., बी.एड. झालेल्या तरुणांची ही नेहमीची गोष्ट. आता त्यात झेडपीच्या शाळांवर वीस-वीस वर्षे शिकवणारे गुरुजी आणि बाईही आल्या आहेत.

कारण सर्वोच्च न्यायालयाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त अवधी असलेल्या सेवेतील शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे, असे त्यात म्हटले आहे. नाही झाले तर नोकरीवरच गदा. पाच वर्षांपेक्षा कमी सेवा उरलेल्यांना सूट आहे, पण टीईटीशिवाय पदोन्नती नाही.

किती गुण कमी पडले?

पेपर १५० गुणांचा, प्रश्न १५०, वेळ अडीच तास. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक, सहावी ते आठवीसाठी पेपर दोन. उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के म्हणजे ९० गुण लागतात. मागास प्रवर्ग व दिव्यांगांना ५५ टक्के, म्हणजे ८३ गुण. प्रत्येक विषयात वेगळे पास व्हावे लागत नाही, एकूण बेरीज धरली जाते. पुन्हा बसणाऱ्याला फायदा होतो तो इथेच.

मागची प्रश्नपत्रिका आणि परीक्षा परिषदेची अंतिम उत्तरसूची समोर घ्या. पेपर एकमध्ये बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, भाषा एक, भाषा दोन, गणित आणि परिसर अभ्यास असे ३०-३० गुणांचे पाच भाग असतात. प्रत्येक भागात किती बरोबर आले ते लिहा. समजा, एकूण ८४ पडले. मराठीत २३ आहेत आणि इंग्रजीत ११. मराठीत आणखी दोन गुण मिळवायला जेवढी मेहनत लागेल, तेवढ्यात इंग्रजीचे पाच-सहा गुण वाढू शकतात. पेपर दोनमध्ये गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे या एकाच भागाला ६० गुण आहेत. तिथे कच्चे असाल तर आधी तोच भाग धरा.

चूक कशामुळे झाली?

चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिहा: माहीत नव्हते, वाचताना गडबड झाली की वेळ संपला. माहीत नसेल तर पुस्तक उघडा. पेपर एकचा अभ्यासक्रम पाचवीपर्यंतचा असला तरी काठिण्य दहावीपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे बालभारतीची वरच्या वर्गांची पुस्तकेही चाळावी लागतात. मानसशास्त्रात पियाजे, वायगॉट्स्की, कोहलबर्ग यांची नुसती नावे पाठ करून भागत नाही. ‘वर्गात असे घडले तर शिक्षक काय करेल?’ अशा प्रश्नांत ते सिद्धांत वापरता आले पाहिजेत. शिकवण्याचा अनुभव असलेल्यांनी इथे गुण सोडू नयेत.

वेळ कमी पडला असेल तर नुसत्या वाचनाने तो वाढणार नाही. आठवड्यातून एकदा घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवा, तोही गोल रंगवून. एका प्रश्नाला सरासरी एकच मिनिट मिळते, अन् रंगवायचा वेळही त्यातच. अडलेले गणित सोडून पुढे जा.

नकारात्मक गुण नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नका. चार पर्यायांपैकी दोन नक्की चूक आहेत एवढे कळले, तरी उरलेल्या दोनांत संधी निम्मी होते.

शाळा, शेती, घर सांभाळून रोज चार तास कुणाला मिळणार? पहाटेचा एक तास रोज मिळाला तरी तो कच्च्या दोन विषयांनाच द्या.

परीक्षेला कितीही वेळा बसता येते, आणि प्रमाणपत्र आता आजन्म वैध आहे. एकदा ९० चा आकडा गाठला की पुन्हा टीईटीला बसावे लागत नाही. ८४ वाल्याला मात्र त्यासाठी सहाच गुण हवेत.